वीस श्वास

पुर्रर्र.

एवढाच आवाज. जेवणाच्या टेबलाशी आम्ही चौघं बसलो होतो आणि बराच वेळ कुणी एक शब्द बोललं नव्हतं. चमचेसुद्धा जपून खाली ठेवत होतो. त्या शांततेत सासऱ्यांच्या शर्टाखालून, तिसऱ्या-चौथ्या बटणाच्या मधून, तो आवाज आला. त्याच्या मागोमाग वास. उकडलेल्या कोबीचं पाणी दोन दिवस झाकून ठेवावं आणि मग झाकण काढून त्यात नाक घालावं, तसा. गोडसर, आंबूस, कोमट.

नवऱ्याने उगाच पाण्याचा ग्लास उचलला. सासरे ताटाकडे बघत राहिले. "आजोबांचं पोट बोललं," मुंगी म्हणाली. मुंगी म्हणजे आमची मुलगी, वय वर्षं पाच. मी उठले, पण न्हाणीघरापर्यंत पोचले नाही. सिंकमध्ये सकाळची भांडी होती, त्यांच्यावरच ओकले.

हा बाबांचा हॉस्पिटलातून घरी आल्याचा पहिला दिवस.

त्यांच्या आतड्याचा एक तुकडा कापून काढला होता. उरलेल्या आतड्याचं तोंड पोटाच्या डाव्या बाजूला भोक पाडून बाहेर आणलं होतं आणि त्यावर एक पिशवी चिकटवली होती. आता आयुष्यभर जे काही व्हायचं ते त्या पिशवीत होणार. सकाळ-संध्याकाळ नवरा ती रिकामी करायचा. तो लिफ्टचा मिस्त्री, सहाला घर सोडतो आणि सहाला येतो. दुपारसाठी हॉस्पिटलातून रोज एक सिस्टर येणार होती, पण फक्त एकवीस दिवस. "त्यानंतर तुमचं तुम्ही," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणजे माझं मी. दुपारी घरात मोठं माणूस मीच असते.

आणि मला वास सहन होत नाही. नासलेलं दूध, ओलं कुत्रं, दुसऱ्याने वापरलेला टॉवेल, कशानेही माझा घसा वर येतो.

"मुंगीचं दोन वर्षं केलंस ना?" नवरा म्हणाला.

"ते वेगळं."

"वेगळं काय त्यात? तेही तेच, हेही तेच."

त्याचं बरोबर होतं. पण नाकाला कोण समजावणार.

नणंदेने समजावण्याच्या भानगडीत न पडता सरळ तोडगा काढला. आमच्या घरापासून दोन तासांवर एक वृद्धाश्रम होता, तिथे एक खाट रिकामी झाली होती आणि एकविसाव्या दिवसापर्यंत ती धरून ठेवायला तिथले लोक तयार होते. "अगं, तुला दोष देत नाही मी," ती फोनवर म्हणाली. "पण उलट्या काढत काढत कुणाची सेवा होत नसते. त्यात बाबांचाच अपमान आहे."

मला राग आला, पण उलटून बोलायला तोंड नव्हतं.

बाबा न्हावी होते. चाळीस वर्षं एकच दुकान, दोन खुर्च्या, एक बाक. मुंगी तीन महिन्यांची असताना मी कामावर परत गेले तेव्हा त्या बाकाशेजारी त्यांनी पाळणा ठेवला. गिऱ्हाईकाच्या गालावर वस्तरा आणि पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी, अशी त्यांनी ती पोर वाढवली. तिला कात्रीच्या आवाजाशिवाय झोप यायची नाही. कधी उशीर झाला तरी "एवढा वेळ कुठे होतीस" असं त्या माणसाने मला एकदाही विचारलं नाही. हॉस्पिटलात, मी दाराबाहेर उभी आहे हे माहीत नसताना, ते मुलाला म्हणाले होते, "तिला त्रास होणार असेल तर मला टाका कुठेतरी. फक्त मुंगीच्या शाळेच्या जवळचं बघा." दोन तासांवरचं ठिकाण शाळेच्या जवळ नव्हतं.

मी सकाळच्या पाळीला ज्या धुलाईच्या कारखान्यात जाते तिथे हॉटेलांच्या चादरी येतात. आमच्या खोलीच्या मधोमध एक भिंत आहे. अलीकडे इस्त्रीची मशीनं, गरम वाफ, साबणाचा वास. ती माझी बाजू. पलीकडे मळकी बाजू. तिथे पोती उघडतात आणि एक मावशी बसून निवड करते. रक्त इकडे, तेल तिकडे, ओकारी त्या टोपलीत. सहा वर्षांत मी त्या भिंतीच्या पलीकडे गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

"वाट चुकलीस का?" मावशीने विचारलं.

"तुम्हाला उलटी कशी येत नाही?"

"पहिले सहा महिने यायची. डबा नुसता हलवून परत न्यायचे." तिने एक चादर झटकली. मी मागे सरले. "श्वास रोखलास ना आत्ता? तिथेच चुकतं. रोखलेला श्वास कधीतरी सोडावाच लागतो आणि मग सगळा वास एकदम घशात शिरतो. घ्यायचा. नाकाने घ्यायचा. मोजायचा. नाक फार मिजाशी असतं बघ, पण दमतं लवकर. साधारण विसाव्या श्वासाला ते नाद सोडतं. तू दुसऱ्यालाच पळतेस."

"वीस?"

"आज वीस नाही जमणार. आज चार घे आणि जा तुझ्या वाफेत. उद्या पाच."

मी चार घेतले. चौथ्या श्वासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि मी भिंतीच्या अलीकडे पळाले. मागून मावशी म्हणाली, "उद्या पाच हं."

घरी मी एक नियम केला. रोज सकाळी चहाच्या आधी एक घाण काम, मोजून. पहिल्यांदा न्हाणीच्या जाळीतले केस. ते काढताना एक लांबलचक करडा गोळा हाताला लागला, साबणाच्या सायीने बुळबुळीत, आणि त्याच्या टोकाला माझीच मागच्या महिन्यात हरवलेली कानातल्याची फिरकी. दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्याच्या तळाचं पाणी. मग फ्रिजच्या मागची पन्हळ, जिथे काहीतरी निळं उगवलं होतं. मुंगीला हा खेळ भलताच आवडला. ती सकाळी उठल्या उठल्या घरभर हिंडून घाण शोधायची.

"आई, सिंकच्या खाली एक मऊ बटाटा आहे. बोट आत जातं."

"बोट घातलंस?"

"नाही. पेन घातलं."

मी बटाट्याजवळ तोंड नेऊन बसायचे आणि ती मोठ्याने माझे श्वास मोजायची. बटाट्याला सहा. मॉपच्या बादलीला सात. मांजर दारात काय टाकून गेलं होतं ते सांगत नाही, त्याला नऊ. दहाव्या दिवशी दहा झाले आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा सिस्टरबरोबर बाबांच्या खोलीत गेले.

ती पिशवी सोलत होती. एका हाताने कातडी दाबून, दुसऱ्याने वरून खाली, हळूहळू. निघताना चिकटपट्टीचा चर्र आवाज होत होता. आत जे होतं ते मी आधी चित्रात बघितलं होतं. चित्राला वास नसतो आणि ते हलतही नाही. ओठ आतून उलटा करून धरावा तसं लाल, ओलं, नाण्याएवढं तोंड, आणि ते आपोआप आवळलं, सैल झालं, आणि त्यातून पिवळट काहीतरी बाहेर आलं. एखादा किडा मान बाहेर काढून बघतो तसं. अकराव्या श्वासाला मी ट्रे खाली ठेवून बाहेर गेले. पण बाहेर जाऊन उलटी झाली नाही. ही पहिलीच खेप.

बाबा त्या वेळी भिंतीकडे बघत होते. ते नेहमीच भिंतीकडे बघायचे.

दोन-तीन दिवसांत मी ट्रे धरून शेवटपर्यंत उभी राहू लागले. सिस्टर म्हणाली, "नाक जमलं तुमचं. आता चेहऱ्याचं बघा. पेशंटला नाक दिसत नाही, चेहरा दिसतो."

मग मी चेहरा करायला लागले. सकाळी न्हाणीघराचं दार लावून, मुठीत ते जाळीतले केस धरून, आरशासमोर. भुवया खाली, ओठ सैल, डोळ्यांत किंचित हसू. माझ्याच चेहऱ्यामागून मला ढवळून येत असायचं आणि आरशात एक प्रसन्न बाई उभी असायची. मला तिचा अभिमान वाटू लागला. घर तिच्यावर अवलंबून होतं.

एकोणिसाव्या दिवशी सिस्टर बाहेर खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आज सगळं तुम्ही. मी हाक मारल्याशिवाय येणार नाही."

पिशवीच्या मागची चिकट चकती असते, तिला त्या तोंडाच्या मापाचं भोक कापावं लागतं. सिस्टरने पहिल्या आठवड्यात मापाचा एक कागद करून दिला होता. तो ठेवून मी कापलं, जुनी पिशवी सोलली, कोमट पाण्याने पुसलं, टिपलं. पुसताना ते बोटाखाली आकसलं. आठ, नऊ. कापसावर जे आलं त्याकडे मी प्रसन्नपणे बघितलं. चौदा, पंधरा. नवी चकती तळव्यांत धरून ऊब दिली, लावली, दाबून धरली. विसावा श्वास आला आणि मावशी म्हणाली होती तसं झालं, वास जणू खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. बाबा भिंतीकडेच बघत होते. फक्त मध्ये एकदा कपाटाच्या आरशातून त्यांनी माझ्याकडे नजर टाकली आणि काढून घेतली.

"पास," सिस्टर म्हणाली.

मी उड्या मारायचीच काय ती बाकी होते. नणंदेला फोन लावला आणि म्हटलं, "ताई, ती खाट सोडून द्या."

"उद्या येते मी," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघते आणि मग सोडते."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तरी नवरा कुठल्याशा अडकलेल्या लिफ्टवर गेला होता. आम्ही चौघं जेवायला बसलो. बाबा, नणंद, मुंगी आणि मी. सगळं ठीक चाललं होतं. नणंद मुंगीला शाळेचं विचारत होती. मग मुंगी म्हणाली, "आजोबा, तुमच्या शर्टाला काय लागलं?"

पिवळट डाग, तळहाताएवढा. बघता बघता पसरत पँटच्या पट्ट्यापर्यंत आला. वास नंतर आला, पण आला तो दारं-खिडक्या ढकलत आला. नणंदेने रुमाल नाकाला लावला आणि डोळे मिटले. बाबा उठायला गेले तसं ते मांडीवरून ओघळलं, खुर्चीवर, खुर्चीवरून जमिनीवर. त्यांनी हाताने अडवायला बघितलं, मग तो हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. त्यांनी तो अधांतरी धरून ठेवला.

मी त्यांना न्हाणीघरात नेलं. शर्ट काढला. चकती एका बाजूने सुटून लोंबत होती आणि कडेची कातडी सोलवटून लाल झाली होती. मी चेहरा लावला, श्वास मोजायला सुरुवात केली, कापूस घेतला.

"बास," बाबा म्हणाले.

"झालंच, बाबा. दोन मिनिटं."

"चेहरा काढ तो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय झालं?"

"चाळीस वर्षं खुर्चीमागे उभा राहिलोय मी," ते म्हणाले. अजूनही भिंतीकडे बघत होते. "केस कापून झाले की मागून आरसा दाखवायचा. ज्याला आवडलं तो काहीतरी कटकट करतो. कानामागे राहिलंय, वरून जरा घे. ज्याला अजिबात आवडलेलं नसतं ना, त्याचा चेहरा असा होतो. छान आहे, म्हणतो. तो परत दुकानात येत नाही." त्यांनी श्वास घेतला. "काल बघितला मी तुझा चेहरा. रोज दुपारी मला हे छान-आहे बघायचं नाही. त्यापेक्षा ताईचा आश्रम बरा. तिथे निदान सरळ तोंड वाकडं करतील."

दारात नणंद उभी होती, तिच्या पायांमधून मुंगी डोकावत होती. वीस दिवसांची मेहनत. एवढे केस, एवढे बटाटे. आणि माणूस चाललाच होता आश्रमात, माझ्या उलटीपायी नाही, तर माझ्या हसण्यापायी.

"घाण वाटते, बाबा," मी म्हटलं. "फार घाण वाटते. ते हलतं ना, ते बघवत नाही मला. वीस श्वास मोजते म्हणून उभी राहते. आत्ता बारावर आहे."

"वाटणारच," ते म्हणाले. "मला वाटत नाही होय? मी तर बघतसुद्धा नाही."

"एकदाही नाही बघितलं?"

"एकदाही नाही."

"वीस दिवसांत?"

"माझं पोट आहे, माझी मर्जी."

मला एकाएकी हसू आलं आणि हसताना वास आत गेला आणि मी ओकारीसारखा आवाज काढला. बाबांनी वळून बघितलं. माझा चेहरा केवढा वाकडा झाला असेल कोण जाणे, पण त्यांचे खांदे सैल झाले.

मी ती सुटलेली चकती त्यांच्यापुढे धरली. "हे बघा. भोक मोठं झालंय. मी कागद ठेवून कापलं, पण सूज उतरून आतलं लहान झालंय. कागद जुना आहे. बघून कापायला हवं."

त्यांनी चकती हातात घेतली. उजेडाकडे धरली. "हे कुणी कापलं? उंदराने?"

"मी."

"कशाने?"

"स्वयंपाकघरातल्या कात्रीने."

"दुधाच्या पिशव्या कापतेस त्या?" आता त्यांचा चेहरा खरोखर किळसला. "कडा बघ. कुरतडल्यात. अशी कड कातडीला लागली तर सोलणार नाही तर काय." मग दाराकडे न बघता म्हणाले, "ताई, माझ्या कपाटातल्या पेटीतली बाकदार कात्री आण. लहान. आणि तो रुमाल नाकावरनं काढ, भूत दिसतेस."

नणंद गेली. वडिलांनी फर्मान सोडलं की जायचं, हे तिच्या पायांना अजून ठाऊक होतं.

कात्री आली. नवी चकती आली. बाबा स्टुलावर बसले, पण खाली बघेनात.

"आजोबा, मी मोजते," मुंगी म्हणाली. "नाकाने घ्या. रोखायचा नाही."

"तुला कुणी शिकवलं?"

"बटाट्याने."

त्यांनी मान खाली केली. एक. लगेच डोळे मिटले. मुंगी थांबली. "मिटले तर धरत नाही," ती म्हणाली. त्यांनी उघडले. दोन. तीन. ते तोंड नेमकं तेव्हाच हललं, त्याच्या कडेने एक थेंब आला. "शी," बाबा म्हणाले, इतक्या मनापासून, की मीही म्हटलं, "शी." सातव्या श्वासाला त्यांना उबळ आली. मी त्यांचं कपाळ धरलं. काही पडलं नाही, नुसती लाळ. ओठ पुसून ते परत वाकले. त्यांच्या हाताला हल्ली कंप असतो, चहाचा कप धरताना बशी वाजते. मला वाटलं होतं कात्रीही थरथरणार. थरथरली नाही. मान तिरपी करून, एक डोळा बारीक करून, त्यांनी त्या तोंडाकडे बघितलं, चकतीकडे बघितलं, पुन्हा तोंडाकडे, आणि कात्री चकतीत फिरवली. भोक गोल नव्हतं. एका बाजूला जरासं दबलेलं, त्या तोंडासारखंच. मी ते लावलं तेव्हा केसभर जागा उरली नाही.

"छान आहे," मी म्हटलं.

"खरं सांग."

"दिसायला अजूनही घाणच आहे."

"मग ठीक."

जमीन नणंदेने पुसली. रुमाल न लावता पुसली, तोंड चांगलं वाकडं करून. निघताना म्हणाली, "मी त्यांना सांगते, खाट अजून आठवडाभर राहू दे."

"सोडून दे ती," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "पण ही पुन्हा प्रसन्न दिसली तर मी स्वतः फोन करीन."

त्याला आता बारा दिवस झाले. दुपारी दोनला आम्ही न्हाणीघरात जातो. ते बघून कापतात, मी सोलते, पुसते, लावते. दोघंही शी म्हणतो, कधी त्याहून वाईट शब्द, दार लावलेलं असेल तर. माझी किळस काही गेली नाही. पण काल पुसताना मी नवऱ्याच्या सुट्टीचा विचार करत होते आणि मोजायचं राहून गेलं, हे काम झाल्यावर लक्षात आलं. बाबांनाही ते कळलं असावं. ते म्हणाले, "आज शी नाही का म्हणायची?"

आज सकाळी शाळेत जाताना मुंगीने विचारलं की आता आपण बटाटा का शोधत नाही. मी म्हटलं, गरज नाही उरली. रोज थोडं थोडं केलं ना, की काही वाटायचं बंद होतं. शरीराला सवय लागते. ती दप्तराचा पट्टा चावत फाटकापर्यंत आली. मी नेहमीसारखी वाकले तर तिने गाल मागे घेतला आणि माझ्याकडे नीट बघत विचारलं,

"मग तू माझा रोज पापा घेतेस, तेव्हा पण काही वाटायचं बंद होतं का?"